तोच निरोप दुसऱ्यांदा

घरात, कार्यशाळेत, फोनवर, सगळीकडे तिला वहिनीच म्हणत. नवऱ्याची धाकटी बहीण म्हणायची ते रीतसरच होतं. पण तिचं ऐकून लिफ्टचे मेकॅनिक म्हणू लागले, मग इमारतींचे वॉचमन म्हणू लागले, आणि शेवटी सुटे भाग विकणारा, तिच्या वडिलांच्या वयाचा माणूसही "वहिनी, तुमचे तारेचे दोर आलेत" असं सांगू लागला. तिला ते आवडायचं. सासरी आल्यावर नाव बदलतं असं ऐकलं होतं. तिचं नाव बदललं नाही, नुसतं वापरातून गेलं, आणि त्याच्या जागी जे आलं त्याला वजन होतं.

सासऱ्यांची लिफ्ट दुरुस्तीची कंपनी होती. खाली कार्यशाळा, वर ऑफिस आणि त्याच्याही वर घर. ती लग्न होऊन आली तेव्हा ऑफिसात एक फोन आणि एक फळा होता. कुठे लिफ्ट अडकली की वॉचमन फोन करायचा, फोन लागायचा नाही, लागला तर कुणी उचलायचं नाही. वहिनी प्रोग्रॅमिंग शिकलेली. वर्षभर तिने मुकाट्याने पाहिलं आणि मग एक ॲप लिहून काढलं. प्रत्येक इमारतीच्या वॉचमनच्या फोनवर एक मोठं लाल बटण. दाबलं की "लिफ्ट बंद, माणूस आत" हा निरोप इमारतीच्या नावासकट ऑफिसच्या सर्व्हरवर यायचा आणि तिथून जवळच्या मेकॅनिकच्या फोनवर जायचा.

त्यात एक खोड निघाली. वॉचमनची खुर्ची बहुतेक तळघराच्या तोंडाशी. तिथे नेटवर्क मधेच येई, मधेच जाई. निरोप सर्व्हरपर्यंत पोचायचा, पण "पोचला" ही उलट पावती वाटेतच हरवायची. फोन बिचारा समजायचा, गेलाच नाही. की पुन्हा पाठवायचा. पुन्हा, पुन्हा. एकाच लिफ्टसाठी तीन मेकॅनिक तीन दिशांनी धावत यायचे आणि इमारतीच्या दारात एकमेकांची तोंडं बघत उभे राहायचे. त्यावर वहिनीने उपाय केला. त्याच इमारतीतून तोच निरोप अर्ध्या तासात पुन्हा आला, तर तो आधीचाच समजायचा आणि सोडून द्यायचा. त्या दिवसापासून घोळ थांबला. सासऱ्यांनी सगळ्या मेकॅनिकांना बोलावून सांगितलं, "या पोरीने आपली पायपीट वाचवली. उद्या मी नसलो तरी चालेल, ही पाहिजे."

बाबा तोंडावर स्तुती करणाऱ्यातले नव्हते. वहिनीने ते वाक्य जपून ठेवलं होतं. मन खट्टू झालं की ते ती काढून बघायची.

मग छोटी राहायला आली.

छोटी म्हणजे तीच नणंद. बाहेरगावी एका मोठ्या कंपनीत होती. एका यंत्राकडचा निरोप दुसऱ्या यंत्राकडे न हरवता, न दुणावता पोचवायचा, हेच तिथलं काम. ती नोकरी सोडून दुसरी मिळेपर्यंत काही महिने माहेरी राहणार होती. वहिनीने वरची खोली स्वतः झाडून दिली, पडदे धुतले, टेबल खिडकीपाशी सरकवलं. तोपर्यंत तिच्या मनात काही नव्हतं.

पहिल्याच सकाळी ती स्वयंपाकघरात आली तर बाबा गॅसपाशी उभे. चहा करत होते. इतक्या वर्षांत त्या माणसाने पाण्याचं भांडंसुद्धा स्वतः उचललेलं तिने पाहिलं नव्हतं.

"अहो बाबा, मी करते ना."

"असू दे, सूनबाई. छोटीला माझ्या हातचा लागतो."

छोटी ओट्यावर पाय हलवत बसली होती. "ए बाबा, साखर कमी टाक. मागच्या वेळी पाक केला होतास."

बाबा हसले. चहा दोनच कपांचा होता.

ती "ए बाबा" म्हणे आणि "तू" म्हणे. वहिनी "अहो बाबा" आणि "तुम्ही". यात नवीन काय होतं? काहीच नाही. लेक ती लेक, सून ती सून. तरी त्या दिवसापासून वहिनीचे कान जणू त्या "ए"वरच लागून राहिले. जिन्यात "ए बाबा", ऑफिसात "ए बाबा". आणि प्रत्येक हाकेला म्हातारा ओ देई ती अशी, की वहिनीने कंपनीचा अख्खा कारभार उचलून धरला तरी तसा आवाज तिच्या वाट्याला आला नव्हता.

नवऱ्याला सांगून पाहिलं. तो मेकॅनिकांच्या फेऱ्या लावण्यात बुडालेला.

"अगं, चार दिवसांची पाहुणी ती," तो म्हणाला.

"मी कुठे काय म्हणते?"

"मग मिरच्या कसल्या झोंबल्यात?"

त्याला सांगायला लागलं, याचंच तिला जास्त लागलं.

पुढे जे झालं ते जेवणाच्या टेबलावर झालं. बाबांनी छोटीला सहज म्हटलं होतं, वहिनीचं काम एकदा नजरेखालून घाल. वहिनीला न विचारता. छोटीने ते दुपारभर वाचलं आणि रात्रीच्या जेवणात, पोळीचा तुकडा मोडता मोडता, विषय काढला.

"वहिनी, छान लिहिलंयस. फक्त ते दुसऱ्यांदा आलेला निरोप ओळखायचं आहे ना, तिथे एक गोम आहे."

"कसली गोम?"

"तू शब्द बघतेस. शब्द तेच, इमारत तीच, म्हणजे निरोप तोच. पण समज, मी आत्ता म्हटलं 'पाणी दे', तू दिलंस, आणि मी परत म्हटलं 'पाणी दे'. पहिलं तुला ऐकूच गेलं नाही असं वाटून मी तेच परत म्हटलं, की मला दुसरा ग्लास हवाय? शब्दांवरून कसं कळणार?"

बाबांनी घास हातात धरला होता. ऐकत होते.

"म्हणून आम्ही शब्द बघतच नाही," छोटी सांगत होती. "निरोप जिथे जन्मतो तिथेच त्याला एक नंबर चिकटवायचा. वॉचमनने बटण दाबलं, नंबर पडला. फोनने तोच निरोप दहादा पाठवला तरी नंबर तोच. सर्व्हर काही महिन्यांचे नंबर लक्षात ठेवतो. पाहिलेला नंबर आला की सोडून देतो. पण वॉचमनने खरंच दुसऱ्यांदा बटण दाबलं, तर नंबर नवा. मग शब्द तेच असले तरी तो निरोप वेगळा."

वहिनीला हे पहिल्याच वाक्यात समजलं होतं. समजलं म्हणूनच तिच्या अंगाचा तिळपापड झाला. हे तिला का सुचलं नव्हतं? इतकं साधं. आणि सांगणारीने सांगितलं कसं, तर पाण्याच्या ग्लासाचं उदाहरण देऊन, शाळेतल्या मुलीला सांगावं तसं, आणि तेही बाबांसमोर.

"इतकी वर्षं चाललंय की नीट," ती म्हणाली.

"चाललंय गं. पण एकाच इमारतीत दोन लिफ्ट..."

"बघ ना जरा, सूनबाई," बाबा म्हणाले. "छोटी म्हणतेय तर."

छोटी म्हणतेय तर. वहिनीने भाजीचं भांडं उचललं आणि सगळ्यांना वाढलं, स्वतःला सोडून.

दोन दिवसांत छोटीने नवा भाग लिहूनही दिला. "तू तपास आणि बसव," ती म्हणाली. "तुझी सिस्टिम आहे, मी हात लावणार नाही." ती खरंच मनाने स्वच्छ मुलगी होती, आणि हीच वहिनीची अडचण होती. तिच्यात नाक मुरडायला जागा सापडत नव्हती. एखादी आळशी, उर्मट, चहाडखोर नणंद असती तर वहिनीला किती सोपं गेलं असतं.

वहिनी तपासायला बसली ती चूक काढायच्या इराद्यानेच. ऑफिस रिकामं होतं, सगळे जेवायला गेले होते. तिने टेबलावर तीन जुने फोन मांडले, नेटवर्क तोडलं, जोडलं, निरोप अडवले, उलटसुलट क्रमाने सोडले. छोटीचा प्रोग्रॅम सगळ्याला पुरून उरला. शेवटी वैतागून तिने एका फोनवरून ॲपच काढून टाकलं आणि पुन्हा घातलं. लाल बटण दाबलं.

निरोप आलाच नाही.

पुन्हा दाबलं. नाही. मग तिच्या लक्षात आलं आणि ती खुर्चीत ताठ झाली. छोटी नंबर एकपासून मोजत होती. एक, दोन, तीन. ॲप नव्याने घातलं की मोजणी परत एकपासून. आणि या फोनचा 'एक' हा नंबर सर्व्हरने आधीच पाहिलेला. तो म्हणणार, हा तर जुनाच, सोडून द्या. मोठ्या कंपनीतल्या यंत्रांमध्ये असं होत नसेल. पण वॉचमन मंडळी व्हिडिओंनी फोन भरला की आधी वहिनीचं ॲप उडवायची आणि महिनाअखेरीला कुणी रागावलं की परत घालायची. हे छोटीला कुठून ठाऊक असणार? हे फक्त वहिनीला ठाऊक होतं.

उपायही तिथल्या तिथे सुचला. ॲप घातलं जाईल तेव्हा फोनने स्वतःसाठी एक नवी, कुणाशी न जुळणारी खूण काढायची आणि प्रत्येक नंबराआधी ती जोडायची. दोन ओळींचं काम. तिने ते केलं, तपासलं. चाललं.

आता नीट वागणारी बाई काय करती? जिना चढून वर जाती, "छोटे, हे बघ" म्हणती, आणि संध्याकाळपर्यंत नवं सगळं बसवून टाकती. वहिनीने फोन कपाटात ठेवले आणि कपाट बंद केलं. आठवड्याच्या शेवटी कंपनीच्या वाढदिवसाचं जेवण होतं. सगळे मेकॅनिक बायकामुलांसकट यायचे, बाबा दोन शब्द बोलायचे. तिथे, सगळ्यांसमोर, ती अगदी सहज विषय काढणार होती. "छोटीने छान लिहिलंय हो, फक्त एक गोम आहे." कोणत्या आवाजात म्हणायचं तेही तिने ठरवलं होतं. पाण्याच्या ग्लासाचं उदाहरणसुद्धा वापरणार होती.

तोवर कुणी विचारलं की "तपासतेय" म्हणायची. त्या दिवसांत ती छोटीशी इतकी गोड वागली की नवऱ्याला वाटलं, मिटलं सगळं.

जेवणाच्या दोन दिवस आधी, भर दुपारी, एका जुन्या सातमजली इमारतीत विजेचा झटका बसून दोन्ही लिफ्ट बंद पडल्या. एक पुढच्या दारची, एक मागच्या. वॉचमन एकच, पुढे बसणारा. पुढच्या लिफ्टमध्ये पार्सलवाला अडकला होता. वॉचमनने लाल बटण दाबलं. थोड्या वेळाने मागून घंटा ऐकू आली. तो धावत गेला. आत शिवणकाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या, सत्तरीला टेकलेल्या. तो परत आला, पुन्हा बटण दाबलं, फोनवर "पोचला"ची खूण पाहिली आणि मागे जाऊन लिफ्टच्या दाराला तोंड लावून ओरडून सांगितलं, "माणूस निघालाय, बाई. दोन निरोप दिलेत."

सर्व्हरने दुसरा निरोप सोडून दिला. इमारत तीच, शब्द तेच, वेळ अर्ध्या तासाच्या आतली.

मिस्त्रीमामा, कंपनीतले सगळ्यात जुने मेकॅनिक, आले, पार्सलवाल्याला काढलं, लिफ्ट चालू करून दिली आणि पुढच्या कामावर गेले. त्यांच्या फोनवर एकच काम होतं. वॉचमन तेव्हा पाण्याचा पंप बघायला गेला होता. परतल्यावर पुढची लिफ्ट चालू दिसली, तर त्याला वाटलं दोन्ही झाल्या. मागून घंटा येत नव्हती, कारण घंटेची बॅटरी संपली होती. संध्याकाळी बाईंचा मुलगा शोधत आला तेव्हा कुठे मागचं दार उघडलं.

बाई वाचल्या. उकाड्याने भोवळ आली होती, आवाज पार बसला होता. एक दिवस दवाखान्यात ठेवलं.

बाबांनी मिस्त्रीमामांना ऑफिसात उभं केलं. एरवी ज्याला अरे-तुरे करत त्या इतक्या वर्षांच्या माणसाला ते "तुम्ही" म्हणाले, यावरूनच ते किती चिडलेत ते कळत होतं.

"मालक, मला एकच निरोप आला," मिस्त्रीमामा म्हणाले. "शपथेवर सांगतो."

"वॉचमन म्हणतो दोन दिले."

"मग तो खोटं बोलतो, नाहीतर मी."

वहिनी तिच्या टेबलापाशी बसली होती. समोर दारात छोटी उभी होती, आणि छोटीने एकदाच तिच्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं. अर्थात कळलं होतं. तिनेच तर सांगितलं होतं, एकाच इमारतीत दोन लिफ्ट.

"बाबा, कुणीच खोटं बोलत नाहीये," छोटी म्हणाली. "दुसरा निरोप आला होता, पण जुनाच समजून गळला. मी नवीन लिहिलंय ते वहिनी तपासत होती. तिला वेळ लागणारच होता, मीच जरा गिचमिड लिहिलंय."

बाबांनी मान हलवली. "असं होय." मिस्त्रीमामांच्या खांद्यावर हात ठेवून ते त्यांना चहाला घेऊन गेले. संपलं.

वहिनीला वाटायला हवं होतं की सुटले. तिला वाटलं ते वेगळंच. गिचमिड म्हणे. तो प्रोग्रॅम आरशासारखा लख्ख होता, हे त्या खोलीत दोघींनाच ठाऊक होतं. म्हणजे आता मोठेपणाही छोटीचाच. आणि आपण जन्मभर त्या मोठेपणाच्या सावलीत बसायचं, नणंदेने झाकलं म्हणून.

दुसऱ्या दिवशी ती बाबांबरोबर दवाखान्यात गेली. शिवणाच्या बाई उशीला टेकून बसल्या होत्या. घोगऱ्या, फाटक्या आवाजात बोलत होत्या, रागावल्या नव्हत्या.

"तो म्हणाला माणूस निघालाय," त्या म्हणाल्या. "म्हणून मी ओरडायची थांबले. म्हटलं, उगाच कशाला त्रास द्यायचा, येतच असेल. बॅगेत मुलाच्या शर्टाची काजं करायची राहिली होती, तीच करत बसले. मग दिसेनासं झालं."

वहिनीने त्यांच्यासाठी आणलेली फळं टेबलावर ठेवली. पिशवी सरळ उभी राहीना, ती पुनःपुन्हा नीट करत बसली.

परतीच्या रस्त्यावर, सिग्नलला गाडी थांबली असताना, ती बोलली.

"बाबा, छोटीने गिचमिड लिहिलं नव्हतं. मी ते पहिल्याच दुपारी तपासलं होतं. एक चूक सापडली, ती मी सुधारलीही. बसवायला काही अडचण नव्हती. मी थांबून राहिले. कंपनीच्या जेवणात सगळ्यांसमोर सांगायचं होतं मला, की छोटीचं चुकलं आणि मला सापडलं."

सिग्नल सुटला. मागून हॉर्न वाजला. बाबांनी गाडी पुढे घेतली आणि कडेला लावली.

"त्या बाईला काही झालं असतं तर?" ते म्हणाले.

"हो."

त्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. "मिस्त्रीची माफी मी मागितली आहे," ते म्हणाले. "तूही माग. त्याला कारण सांग, खरं." आणि गाडी चालू केली.

खरं म्हणजे ती का बोलली? बाईंच्या आवाजाने तिच्या काळजाला घरं पडली होती, हे खरंच. पण छोटीचं देणं अंगावर ठेवायचं नव्हतं, हेही तितकंच खरं. आणि यातलं कुठलं जास्त, ते तिला तेव्हाही ठरवता आलं नाही.

घरी आल्यावर तिने आधी मिस्त्रीमामांना गाठलं. त्यांनी ऐकून घेतलं, ग्रीसने माखलेले हात फडक्याला पुसले आणि "बरं" एवढंच म्हणाले. त्यानंतर कितीतरी दिवस ते तिला "मॅडम" म्हणत राहिले. मग ती जिना चढून छोटीच्या खोलीत गेली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, एकपासूनची मोजणी, ॲप उडवणारे वॉचमन, नवी खूण. छोटी आधी ऐकत होती, मग वही ओढून लिहू लागली.

"हे मला सुचलंच नसतं," ती म्हणाली. "आमच्याकडे यंत्रं कुणी असं पुसून परत घालत नाही." मग पेन ठेवून तिने वर पाहिलं. "कधी सापडलं?"

"तू दिलंस त्याच दुपारी."

छोटीचा चेहरा हळूहळू लाल झाला. "मी काल तुझ्यासाठी खोटं बोलले, वहिनी. मला वाटलं तुला खरंच वेळ मिळाला नाही."

"माहितेय."

"बाबाचा फोन आला की काय असतं ठाऊक आहे तुला? सूनबाईने हे केलं, सूनबाईने ते केलं. मी तिकडे आजारी होते, ऑफिसात माझी नोकरी जायची वेळ आली होती, आणि तो मला तुझं लाल बटण कसं चालतं ते सांगत होता. सगळी वर्षं." तिचा आवाज चढला नाही, पण कापरा झाला. "मी तुझं काम वाचलं ना, ते चूक काढायलाच वाचलं होतं. सापडली तेव्हा मला इतका आनंद झाला की जेवणापर्यंतही थांबवत नव्हतं. बाबा घरी असता तर दुपारीच सांगितलं असतं."

वहिनी पलंगाच्या कडेला बसली. खरं तर तिला या मुलीची दया यायला हवी होती. तिला आत कुठेतरी गोड वाटलं. बाबा फोनवर आपलंच बोलतात. सगळी वर्षं. ते गोड वाटणं छोटीच्या नजरेला पडू नये म्हणून तिने मान खाली घातली.

"चल, बसवून टाकू," ती म्हणाली.

दोघी खाली ऑफिसात बसल्या. वहिनीने जुना नियम काढला, छोटीने नवा घातला, वहिनीने खूण जोडली. एकमेकींशी कामापुरतंच बोलल्या. दिवेलागणीपर्यंत सगळ्या इमारतींच्या फोनवर नवं ॲप गेलं होतं.

कंपनीच्या वाढदिवसाचं जेवण ठरल्याप्रमाणे झालं. शिवणाच्या बाईंनाही बाबांनी बोलावलं होतं. त्या आल्या, मुलाने नवा शर्ट घातला होता. कार्यशाळेत टेबलं जोडून पंगत मांडली होती. बाबा उभे राहिले. झाला प्रकार त्यांनी लपवला नाही, कुणाचं नाव न घेता सांगितला. इमारतीत दोन लिफ्ट असतील तर माघारी फिरण्याआधी दोन्ही बघायच्या, हेही बजावलं. आणि मग म्हणाले, "आता नवीन सिस्टिम बसली आहे. आमच्या दोघींनी मिळून केली."

टाळ्या वाजल्या. वहिनीनेही वाजवल्या.

दोघींनी. अर्धं माझं, अर्धं तिचं; आणि आधी जे सगळंच्या सगळं माझं होतं ते कुठे गेलं? तिने टेबलापलीकडे पाहिलं. छोटी टाळ्या वाजवत होती, ओठांवर हसू होतं, पण डोळे ताटात. तो चेहरा वहिनीला अनोळखी नव्हता. गेले कित्येक दिवस ती तोच चेहरा लावून घरात फिरत होती.

"भात वाढू?" तिने छोटीला विचारलं.

"थोडाच," छोटी म्हणाली, आणि ताट पुढे केलं.